मध्याह्न-विश्रांती

मध्याह्न-विश्रांती : झां फ्रांस्वा मीये (१८१४–७५) या फ्रेंच चित्रकाराच्या रेखनावरून आद्रियँ लाव्हिएय (१८१८–६२) याने सु. १८६० मध्ये कोरलेले काष्ठमुद्राचित्र. ‘दिवसाचे चार प्रहर’ या मालिकेत त्याचा समावेश होतो. कापणी करून थकलेले एक जोडपे गंजीच्या आडोशाने पहुडले आहे. पुरुषाने टोपी चेहऱ्यावर ओढली असून स्त्रीने तोंड हातांच्या घडीत लपविले आहे. शेजारी दोन विळे व काढून ठेवलेली पादत्राणे, तर मागे बैल व गाडी दिसते. यंत्रे येण्यापूर्वी नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाडकडे, गव्हाच्या सोंगणीच्या दिवसांत भर दुपारी असेच दृश्य दिसे. त्यामुळे मराठी वाचकास ते परके वाटू नये.

काष्ठ-उत्कीर्णनात बॉक्सवुडसारख्या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर पोलादी सळईने रेषा कोरतात. कोरलेला भाग छापात पांढरा उमटतो, राखलेला काळा. म्हणजे येथील ऊन हे लाकूड काढून टाकल्याने आणि सावली ते राखल्याने निर्माण झाली आहे. ठसा खिळ्यांबरोबर एकाच वेळी छापता येत असल्याने एकोणिसाव्या शतकातील सचित्र नियतकालिकांनी हे तंत्र उचलून धरले. मीयेची ‘शेतातील कामे’ ही चित्रे १८५३ मध्ये इल्यूस्त्रास्याँ या साप्ताहिकात लाव्हिएयनेच कोरली होती.

उत्कीर्णकाला केवळ नकलाकार मानण्याची प्रथा येथे अन्यायकारक ठरते. रंग नाही, चेहरे नाहीत. तरीही अंगांचा जडपणा रेषांच्या दिशेतूनच जाणवतो. या विश्रांतीत ग्रामजीवनाचे गोडवे नाहीत. हाताशी ठेवलेले विळे काम अर्धेच झाल्याचे सांगतात. चेहरे झाकल्यामुळे व्यक्ती हरवतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यामुळेच श्रमाचा थकवा चित्राचा खरा विषय होतो.

मीयेच्या १८६६ च्या पेस्टल चित्रात (ललित कला संग्रहालय, बॉस्टन) हीच रचना उलट दिशेने आढळते. व्हिन्सेंट व्हान गॉखने सँ-रेमी येथील रुग्णालयात असताना १८८९-९० च्या हिवाळ्यात या मुद्राचित्रावरून तैलचित्र रंगविले (ऑर्से संग्रहालय, पॅरिस). त्याने ठशातील दिशा व बारकावे कायम ठेवले. आपण नक्कल करीत नसून काळ्या-पांढऱ्याचे रंगांच्या भाषेत भाषांतर करीत आहोत, अशी त्याची धारणा होती. त्याच्या निळ्या-पिवळ्या रंगांनी दुपार अधिक प्रखर झाली खरी; पण ठशातील मूक, जड झोप त्या झळाळीत थोडी हलकी झाली आहे.