तुफान सेना : संघटना व शस्त्रबळ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात (विद्यमान सातारा व सांगली जिल्हे) स्थापन झालेल्या प्रतिसरकारचे सशस्त्र दल. ‘छोडो भारत’ आंदोलनातील तालुका कचेऱ्यांवरील निःशस्त्र मोर्चांवर सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज व इस्लामपूर येथे गोळीबार झाला. त्यानंतर भूमिगत कार्यकर्त्यांचा खुल्या सत्याग्रहावरील भर कमी झाला. क्रांतिसिंह नाना पाटील (१९००–७६) यांच्या प्रेरणेने प्रतिसरकार आकारास आले आणि १९४३ मध्ये कुंडल येथे तुफान सेना उभी राहिली. जी. डी. लाड (१९२२–२०११) हे तिचे ‘फील्ड मार्शल’, तर रामचंद्र लाड (१९२२–२०२२) हे ‘कॅप्टन’ म्हणून ओळखले जात.

ह्या पदनामांमुळे तुफान सेनेला नियमित सैन्याच्या मापाने मोजण्याचा मोह अनेक लेखकांना झाला आहे. तो योग्य नाही. समकालीन यांत्रिक पायदळाशी तुलना केल्यास हे स्पष्ट होते. जर्मन सैन्याच्या चिलखती पायदळातील प्लाटूनच्या प्रत्येक तुकडीस पुढे चाके व मागे साखळीपट्टे असलेले चिलखती वाहन आणि किमान दोन हलक्या मशीनगन असत. तुकडीची रचना, जवानांची कामे व हालचाल ही सर्व मशीनगनच्या माऱ्याभोवती बेतलेली होती. तेथे शस्त्राने संघटना घडविली. तुफान सेनेची संघटना शस्त्रांच्या तुटवड्याने घडली. बहुतेक सैनिकांच्या हाती लाठी असे. पोलिसांकडून हिसकावलेल्या बंदुका, मोजकी पिस्तुले व गावठी बाँब एवढाच दारूगोळ्याचा आधार होता. गोव्यातून शस्त्रे आणण्याचे प्रयत्न झाले, ते ह्या उणिवेपोटीच. अशा साधनांनी ठाणे काबीज करून राखणे शक्य नव्हते; अचानक छापा घालून पांगणे एवढेच शक्य होते.

ह्या मर्यादेत आखलेल्या मोहिमा मात्र यशस्वी ठरल्या. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पुणे-मिरज मार्गावरील रेल्वेगाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेण्यात आली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे भागात चिमठाणे येथे जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी (१९२२–२०१२) आदींनी सुमारे साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना लुटला. दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरली ती आगाऊ मिळालेली माहिती. याउलट पोलिसांशी समोरासमोर गाठ पडली, की शस्त्रांची उणीव जीवघेणी ठरे. फेब्रुवारी १९४५ मध्ये मणदूरनजीकच्या चकमकीत किसन अहिर व नानकसिंग यांना प्राण गमवावे लागले.

सेनेचे खरे बळ गावाच्या संमतीत होते. निरोप पोहोचविणे, आश्रय देणे व पोलिसांच्या हालचाली कळविणे ही कामे सामान्य शेतकरी कुटुंबे करीत. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांचे कार्य ह्याचे ठळक उदाहरण होय. भूगोल व राजकीय सीमाही अनुकूल होत्या. कुंडल हे औंध संस्थानात असल्याने ब्रिटिश मुलखातील पोलिसांना तेथे मोकळीक नव्हती, तर पश्चिमेस वारणेकाठचे डोंगराळ रान लपण्यास उपयोगी पडे. ह्या अनुकूलतेचा विचार न करता केवळ नेत्यांच्या धाडसाला यशाचे श्रेय देणारे लेखन एकांगी ठरते.

संघटनेतील दोषही नोंदविले पाहिजेत. कुंडल, वाळवा इ. ठिकाणचे गट बऱ्याच अंशी स्वायत्त होते; एकसूत्री सेनापतित्व नव्हते. एक गट पकडला गेला, तरी दुसरा टिकावा, ह्या दृष्टीने ही विखुरलेली रचना उपयुक्त होती. परंतु तिच्यामुळे शिस्तीची जबाबदारी स्थानिक प्रमुखांच्या विवेकावर राहिली. लोकन्यायालयांच्या निर्णयांची अंमलबजावणी करणे, दरोडेखोर, जुलमी सावकार व पोलिसांचे खबरे यांना शासन करणे ही कामे सेनेकडे होती. तळपायावर मारण्याच्या शिक्षेशी ‘पत्री सरकार’ ह्या लोकप्रचलित नावाचा संबंध जोडला जातो. ह्या शासनामुळे गावगुंडांना आळा बसला, हे खरे. तथापि आरोप करणारा, न्याय देणारा व शिक्षा करणारा हे एकाच वर्तुळातील असताना निरपराध्याला दाद कोठे मागता येणार होती, ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर गौरवपर लेखनात आढळत नाही.

तुफान सेनेने ब्रिटिश सत्तेचा लष्करी पराभव केला नाही आणि तसे तिचे सामर्थ्यही नव्हते. महायुद्ध चालू असताना, तुटपुंज्या शस्त्रांनिशी, १९४६ पर्यंत एका जिल्ह्याच्या मोठ्या भागात सरकारी हुकमत निष्प्रभ करून पर्यायी व्यवस्था तिने टिकविली, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय. तिचे मूल्यमापन बंदुकांच्या संख्येवरून करू नये. ग्रामीण जनतेने तिला दिलेला विश्वास आणि त्या विश्वासाचा तिने केलेला वापर, ह्या दोहोंच्या कसोटीवरच ते व्हावयास हवे.