रंग आत शिरला, म्हणून काय सिद्ध झालं?

एमडीएसच्या प्रबंधासाठी विषय शोधायला लागलं की 'वेगवेगळे बेस आणि मायक्रोलिकेज' हा विषय हमखास समोर येतो. खर्च कमी, काढलेल्या उपदाढा मिळतात, निकालही लवकर हाती येतो. म्हणूनच घेण्याआधी तो जरा तपासून बघू.

मुळात प्रश्न खरा आहे. कंपोझिट कडक होताना आकारमानाने साधारण २ ते ३ टक्के आकसतं. कडेला बारीक फट पडते आणि तिथून लाळ आणि जिवाणू आत जातात. विल्सन आणि केंट यांनी १९७२ साली मांडलेलं ग्लास आयनोमर दाताला रासायनिक रीतीने चिकटतं. म्हणून ते खाली आणि कंपोझिट वर, ही 'सँडविच' पद्धत आली.

चाचणी अशी: भरलेले दात ५ आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आलटून पालटून, बहुधा ५०० वेळा बुडवायचे. मग मेथिलीन ब्लूमध्ये ठेवायचे, उभे कापायचे आणि रंग किती आत गेला त्याला ० ते ३ गुण द्यायचे.

आता खोट कुठे आहे?

पहिली गोष्ट, बेस कडेपर्यंत येतो का? 'बंद' सँडविचमध्ये तो पूर्ण झाकलेला असतो. रंगाला आधी भेटतो तो कंपोझिट आणि दात यांचा सांधा. मग कडेचे गुण मोजून 'हा बेस सरस' म्हणणं म्हणजे पाहुण्याच्या काठीने विंचू मारणं. बेसची थेट परीक्षा 'उघड्या' सँडविचमध्येच होते.

दुसरं, ग्लास आयनोमर स्वतःच रंग शोषतं आणि नमुना सुकला तर त्याला तडे जातात. पदार्थ निळा झाला म्हणजे फट पडली असं नाही.

तिसरं, ० ते ३ हे फक्त क्रम आहेत. त्यांची सरासरी काढून अनोव्हा लावू नका, क्रस्कल-वॉलिस वापरा. एकाच छेदावर विसंबू नका, आणि गुण देणाऱ्या दोघांना कुठल्या गटाचा दात आहे ते कळू देऊ नका.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. रंगाचा रेणू जिवाणूपेक्षा शेकडो पटींनी लहान असतो. उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये सकाळी दाल-पकवान चावताना दातावर जो जोर येतो, तो पाण्याच्या भांड्यात येत नाही. रंगचाचणीचे निकाल आणि रुग्णाच्या तोंडातलं फिलिंगचं आयुष्य यांचा मेळ फारसा बसत नाही, हे हाइन्त्झे यांनी २००७ आणि २०१३ च्या आढाव्यांत दाखवलंय.

म्हणजे चाचणी टाकाऊ आहे का? नाही. एकाच प्रयोगशाळेत, एकाच हाताने केलेल्या कामात दोन पदार्थांची प्राथमिक तुलना ती करू शकते. पण निष्कर्षात 'या बेसमुळे फिलिंग जास्त टिकेल' असं लिहिलंत, तर ते तुमच्या आकड्यांनी सांगितलेलं नसतं. ते वाचून कुणीतरी डॉक्टर पदार्थ बदलेल आणि पैसे रुग्ण मोजेल. म्हणून सारांश लिहिण्याआधी एवढंच विचारा: मी मोजलं काय, आणि म्हणतोय काय?