खिडकीवरचा पिंग

दहावीत गेल्यापासून आमच्या चिरंजीवांनी आमच्याशी बोलणे जवळजवळ बंदच केले होते. "जेवलास?" "हं." "अभ्यास?" "हं." संपले संभाषण. त्यामुळे गेल्या महिन्यात एका रात्री ते आपण होऊन माझ्या खुर्चीशी येऊन उभे राहिले, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"बाबा, मला टीममधून काढलं. मी गोळी झाडतो ती पोचायच्या आत मीच मेलेला असतो. आपलं नेट बदला ना!"

मुलगा मरतो, आणि तोही आपण भरलेल्या बिलामुळे, हे कुठल्या बापाला सहन होईल? पण मी पडलो बँकेतला कारकून. तीन कोटेशने मागवल्याशिवाय आम्ही टाचणीसुद्धा घेत नाही. रविवारी सगळ्या कंपन्यांची जाहिरातपत्रके जमिनीवर मांडून बसलो.

या वाङ्मयात एकच रस आहे, तो म्हणजे एमबीपीएस. शंभर, तीनशे, हजार! पानापानावर आकडे दंड थोपटून उभे. प्रत्यक्षात चिरंजीवांच्या व्हॅलोरंटला खेळताना लागतो जेमतेम एखादा एमबीपीएस. (गेम नव्याने उतरवून घेताना मोठा आकडा कामाला येतो, नाही असे नाही, पण तेवढ्या वेळात मुलाने आंघोळ करावी.) खरा प्रश्न पिंगचा. आणि पिंगविषयी ही पत्रके लग्नाच्या स्थळाने वयाविषयी बाळगावे तसे मौन बाळगून असतात.

बँकेच्या भाषेत सांगतो. कॅशियर एका वेळी किती बंडले बाहेर सरकवू शकतो, ते एमबीपीएस. आपण खिडकीशी खाकरल्यापासून त्याने मान वर करून ओ देईपर्यंत जातो तो वेळ म्हणजे पिंग. खेळाला बंडले नकोच असतात, सुट्टे हवे असतात. पण या खेळाचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब मांडतो. तिथे कॅशियर चहाला गेला की गिऱ्हाईक खलास.

आता एकेक कोटेशन. जुनी टेलिफोनची तांब्याची तार: एक्स्चेंजपासून घर जितके लांब तितकी ती थकलेली. तिला नमस्कार करून पुढे गेलो. केबलवाल्याचे नेट दुपारी फार गुणी. रात्री नऊला सगळी गल्ली एकाच केबलवर बसली की कल्याण लोकलची आठवण येते. हवेतून येणाऱ्या ५जी डब्याचा आकडा डोळे दिपवणारा, पण पिंग चंचल: आत्ता वीस, घटकेत ऐंशी. खेळणाऱ्याला कायमचा चाळीस परवडतो, हा लहरीपणा नाही. शिवाय पुष्कळ गिऱ्हाइके एकाच पत्त्यामागे बसवलेली असल्याने काही खेळांत मित्राशी थेट जोडणीच होत नाही. राहिला उपग्रह. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे निरोप जाऊन उत्तर परत येईपर्यंत, उजेडाच्या वेगानेसुद्धा, जवळजवळ अर्धा सेकंद जातो. एवढ्यात आमच्या मुलाचे तेरावे उरकेल. ५५० किलोमीटरवरून घिरट्या घालणारे उपग्रह पुष्कळ बरे, पण शहरात फायबर असताना आकाशाकडे कशाला बघायचे?

तर फायबर. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर मुंबईत, आम्ही कल्याणला. जाऊन-येऊन अर्धा मिलिसेकंद. मला त्याच प्रवासाला, लोकल वेळेवर असली तर, अडीच तास लागतात. बाकीचा पिंग वाटेतल्या ठाण्यांवर आणि रांगांत जातो. सर्व्हर सिंगापूरचा निवडलात तर मात्र कुठलीही कंपनी तुम्हांला वाचवू शकत नाही.

निकाल लागला. फायबर घ्यायचे! मी विजयी मुद्रेने भिंतीकडे पाहिले. भिंतीवरच्या डब्यावर स्पष्ट लिहिले होते: फायबर. तीन वर्षे त्याचेच बिल भरत होतो.

मग तपासणी घराची. राउटर दिवाणखान्यात, स्टीलच्या कपाटामागे, "दिसायला नको" म्हणून सौ.ने ठेवलेला. तिथून वाय-फाय दोन भिंती ओलांडून चिरंजीवांच्या खोलीत लंगडत पोचायचे. त्यात रोज रात्री नऊला सौ.चा मोबाईल दिवसभरातले फोटो वर चढवू लागायचा. म्हणजे पुढचा गृहस्थ देवळाच्या दानपेटीतली चिल्लर भरायला आलेला, आणि मागे आमचा मुलगा एक रुपया घेऊन उभा! रांग खिडकीची नव्हतीच, आमच्या घरातच लागली होती.

साडेतीनशे रुपयांची लॅनची वायर आणली. फोटोंना पहाटेची वेळ दिली. पिवळी वायर दिवाणखान्यातून आडवी गेली आहे, सौ. दोनदा अडखळली, पाहुणे उडी मारून येतात. टीमने मुलाला परत घेतले.

काल रात्री आतून आरोळी आली, "बाबा, अकरा!"

"मिलिसेकंद?" मी इथूनच विचारले.

"हं."