मागे राहिलेल्या मैनेचे गाणे

अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड ज्याच्या कानी पडली नाही असा मराठी माणूस विरळा. तथापि तिच्याविषयी लिहिताना तिचे दोन तुकडे पाडण्याची प्रथा आहे. पूर्वार्धातील विरह तेवढा काव्य आणि उत्तरार्धातील संयुक्त महाराष्ट्राची हाक म्हणजे प्रचार, अशी ही वाटणी. आमच्या मते ती या रचनेवर अन्याय करणारी आहे.

अण्णाभाऊंचा जन्म १९२० सालचा, वाळवे तालुक्यातील वाटेगावचा. लहानपणीच ते घरच्यांसह पायी मुंबईला गेले, गिरणीत राबले, झोपडवस्तीत राहिले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. यांपैकी अमर शेख मूळचे बार्शीचे. कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत असताना त्यांना हे नाव मिळाले. घाटावरून आणि कोकणातून पोटासाठी मुंबईत आलेला कामगार हा या शाहिरांचा श्रोता होता.

या श्रोत्यामुळेच छक्कडीला अर्थ येतो. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलून धरतात आणि एकट्याचा ‘मी’ पाहता पाहता अनेकांच्या मुखी जातो. विरह ज्याचा त्याचा असतो हे खरे. परंतु समोर बसलेल्या शेकडो जणांच्या बायका एकाच कारणाने, दारिद्र्यामुळे, गावी राहिल्या असतील, तर ते खाजगी दुःख उरत नाही. म्हणूनच गाणे मैनेवरून बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावाकडे वळते तेव्हा विषय बदलत नाही. आपल्या माणसापासून तुटलेल्यालाच तुटलेल्या मुलुखाची वेदना कळते.

परमुलुखात गावे कसे, हा प्रश्न पुरातन आहे. स्तोत्र १३७ मधील बाबेलच्या बंदिवानांनी आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवल्या होत्या. कॅरिबियन बेटांतून इंग्लंडला गेलेल्यांनी मात्र आपली वाद्ये खाली ठेवली नाहीत. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून उतरलेल्या त्रिनिदादच्या लॉर्ड किचनर या गायकाने लंडनची स्तुती गायिली. त्याच लंडनमधील नॉटिंग हिल भागात १९५८ साली या लोकांवर हल्ले झाले. १९५९च्या जानेवारीत क्लॉडिया जोन्स यांनी सेंट पँक्रस सभागृहात कार्निव्हल भरवून त्याला उत्तर दिले. उपवासकाळापूर्वीचा हा सण गोव्यामुळे आपल्या परिचयाचा. तेथे तो भेदरलेल्या समाजाला धीर देणारा ठरला. आपल्याकडेही पठ्ठे बापूरावांनी मुंबईचे वैभव लावणीत गायिले होते. अण्णाभाऊंनी आपल्या ‘मुंबईच्या लावणी’त मलबार हिलच्या जोडीला कष्टकऱ्यांची मुंबई उभी केली. शहराची स्तुती ओसरली की स्थलांतरिताचे खरे गाणे सुरू होते, ते असे.

एक उणीव मात्र नोंदवणे भाग आहे. मैनेच्या रूपाचे वर्णन शाहीर जीव ओतून करतो. पण मैना स्वतः बोलत नाही. मुंबईला गेलेल्याने गाणे रचले. मागे राहून शेत, सासू आणि लेकरे सांभाळणारीचे मन जात्यावरच्या ओव्यांत शोधावे लागते. छक्कड आणि ओवी शेजारी ठेवून वाचल्या, तरच स्थलांतराची कहाणी पुरी होते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मात्र या गाण्यातील बेळगाव व कारवार कर्नाटकात आणि डांग व उंबरगाव गुजरातेत राहिले. कोल्हापूरहून निपाणीस जाताना राज्याची हद्द ओलांडावी लागते, म्हणून येथे हे गाणे जुने वाटत नाही. ते जुने न वाटण्याचे दुसरे कारण आपल्या घरांतच आहे. आखाती देशांत कुणाचा मुलगा, कुणाचा पती, तर परगावच्या इस्पितळात परिचारिका म्हणून कुणाची लेक आहे. नाताळच्या रात्री पंगतीत त्यांची जागा रिकामी असते. त्या रिकाम्या जागेचे गाणे अद्याप कुणी रचले असेल, तर ते आम्हांस ऐकावयाचे आहे. आणि ते मैनेच्या तोंडचे असेल, तर अधिकच.