ऑफेलियाची गीते : निवड, क्रम आणि व्यक्तिरेखेचा प्रवास

प्रस्तावना

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' या शोकांतिकेतील ऑफेलिया पहिल्या तीन अंकांत एकदाही गात नाही. चौथ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात मात्र ती गीतांखेरीज फारसे बोलतच नाही. ही गीते नाटककाराने तिच्यासाठी नव्याने रचलेली नाहीत. तत्कालीन इंग्लंडमध्ये लोकांच्या तोंडी असलेल्या जुन्या गीतांचे हे तुकडे आहेत, किंवा त्या धाटणीवर बेतलेले आहेत. त्यामुळे समीक्षेत त्यांच्याकडे दीर्घकाळ केवळ वेडाचे लक्षण म्हणून पाहिले गेले. ही गीते म्हणजे भ्रमिष्ट मनाची असंबद्ध बडबड, की पात्राच्या प्रवासाचा नेमका आलेख, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. १६०३ च्या पहिल्या क्वार्टोत गीतांचा क्रम काहीसा निराळा आहे. येथील विवेचन दुसरा क्वार्टो (१६०४-०५) आणि पहिला फोलिओ (१६२३) यांतील क्रमावर आधारलेले आहे.

मौनाची पार्श्वभूमी

गीतांचा अर्थ लावण्यासाठी त्यांच्या आधीचे मौन ध्यानात घ्यावे लागते. पहिल्या अंकात भाऊ लेअर्टिस तिला शीलरक्षणाचा उपदेश करतो. पाठोपाठ पिता पोलोनियस हॅम्लेटच्या आणाभाकांना पाखरे धरण्याच्या फासाची उपमा देतो. त्या आणाभाकांविषयी काय समजावे हे आपल्याला कळत नाही, असे ती सांगते. त्यावर पित्याचे उत्तर असे की, तिने स्वतःला अजाण बालक मानावे. काय समजायचे ते तो शिकवील. तिसऱ्या अंकातील नाट्यप्रयोगाच्या वेळी हॅम्लेटच्या अश्लील सूचकतेला ती 'मनात काहीच नाही' अशा आशयाचे उत्तर देते. 'जाणणे' आणि 'विचार करणे' या दोन्ही गोष्टी तिच्याकडून अशा रीतीने काढून घेतल्या गेल्या आहेत. तिच्या गायनाचा आरंभ मात्र जाणण्याच्याच प्रश्नाने होतो : खरा प्रियकर इतरांतून ओळखावा कसा? हा योगायोग मानणे कठीण आहे.

गीतांचा क्रम

पहिल्या गीतात प्रियकर यात्रेकरूच्या वेषात येतो. शिंपल्याची टोपी, हातातील काठी आणि पायांतील वहाणा ही त्याची ओळख. परंतु दुसऱ्याच कडव्यात तो मृत झालेला आहे. डोक्याशी हिरवळ आणि पायांशी दगड आहे. शोधाचे गीत असे शोकगीत होते. येथे प्रियकर कोण आणि मृत कोण, हॅम्लेट की पोलोनियस, हे वेगळे करता येत नाही. कारण तिच्या आयुष्यातही ते दुःख वेगळे राहिलेले नाही. प्रियकरानेच पित्याला मारले आहे.

याच गीताच्या अखेरीस एक महत्त्वाचा शब्द येतो. फुलांनी सजलेले शव प्रेमाश्रूंसह मातीत गेले, असे ऐकणाऱ्याला अपेक्षित असते. ऑफेलिया तेथे नकार घालते आणि छंद मोडतो. काही जुन्या संपादकांनी ही चूक समजून तो नकार गाळला. परंतु नाटकातील घटना पाहता चूक छंदाची असेल, आशयाची नाही. पोलोनियसला घाईघाईने आणि गुपचूप पुरण्यात आले, याची कबुली क्लॉडियस काही वेळातच स्वतः देतो. आणि विधींविना झालेल्या त्या दफनाचा जाब लेअर्टिस पुढे मागतो. दरबारात जे कोणी उघड बोलत नाही, ते एका 'चुकलेल्या' शब्दातून प्रकट झाले आहे.

क्लॉडियस या गीताचा अर्थ 'पितृशोक' असा लावून मोकळा होतो. त्यावर ऑफेलिया तो विषय थांबवते आणि आपल्या मनात काय आहे ते सांगण्यासाठी दुसरे गीत निवडते. हे गीत संत व्हॅलेंटाइनच्या दिवसाचे. पहाटे प्रियकराच्या दाराशी आलेली कुमारिका कुमारिका म्हणून परतत नाही, आणि तिच्या येण्याचेच निमित्त करून तो लग्नाचे वचन मोडतो. या गीतावरून तिच्या हॅम्लेटशी असलेल्या संबंधांचे अनुमान अनेकांनी केले आहे; परंतु संहितेत त्यास निर्णायक आधार नाही. अधिक ग्राह्य गोष्ट अशी की, पिता आणि भाऊ यांनी पहिल्या अंकात दिलेली ताकीदच येथे परत येते. फरक दोषाच्या वाटणीत आहे. त्यांच्या उपदेशात सारी जबाबदारी मुलीची होती. गीतात ती पुरुषांवर दोष ठेवते आणि वचनभंग करणाऱ्याचे उत्तरही गाऊन ऐकवते.

लेअर्टिसच्या आगमनानंतर ती पुन्हा प्रवेश करते, तेव्हा तिरडीवरून उघड्या चेहऱ्याने नेलेल्या मृताचे गीत येते. फुले वाटताना तिला एका लोकप्रिय प्रेमगीताची केवळ एक ओळ आठवते आणि ती तेथेच तुटते. शेवटच्या गीतातील मृत मात्र निःसंशय वृद्ध आहे. त्याची दाढी बर्फासारखी शुभ्र आहे. तो परतणार नाही हे स्वीकारून गीत प्रार्थनेत विसावते आणि त्या प्रार्थनेत ती सर्व जिवांना सामावून घेते. शोध, मृत्यूची वार्ता, दोषारोप, अंत्ययात्रा आणि प्रार्थना असा हा क्रम आहे. पित्याला नाकारला गेलेला अंत्यविधी ती जणू एकटीने, गीतांच्या आधारे पूर्ण करते.

ऐकणारे आणि न ऐकणारे

तिच्या बोलण्यात अर्थ नसला तरी ऐकणारे त्यातून अर्थ जुळवतात, अशी सूचना ती रंगमंचावर येण्यापूर्वीच दिली जाते. प्रत्यक्षात राजा तिच्यावर पहारा बसवतो, तर भावाला तिच्या यातनांतही लालित्य दिसते. एलेन शोवॉल्टर यांनी १९८५ मधील निबंधात चित्रकला, रंगभूमी आणि मानसशास्त्र यांनी ऑफेलियाच्या रचलेल्या प्रतिमांचा इतिहास मांडला. त्या इतिहासाची सुरुवात लेअर्टिसच्या या उद्गारापासूनच होते असे म्हणता येईल.

यावर आक्षेप असा घेता येईल की, निवड ऑफेलियाची नसून शेक्सपिअरची आहे. तो रास्त आहे. परंतु क्लॉडियसला थांबवून गीत बदलण्याची कृती पात्राचीच आहे. शिवाय स्वतःचे शब्द नाकारल्या गेलेल्या स्त्रीला सर्वांच्या मालकीचे शब्द उपलब्ध असतात. 'ऑथेल्लो'मधील डेस्डिमोनाही आईच्या दासीकडून ऐकलेले जुने गीत गाते. मात्र ती शयनगृहात एमिलियासमोर गाते. ऑफेलिया राजा-राणीसमोर गाते. तिच्या गीतांतील धोका तेथे आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे एक अडचण संभवते. १८८० च्या 'संगीत शाकुंतल'पासून रुजलेल्या परंपरेत पद हे पात्रासाठी रचलेले असते. आगरकरांच्या 'विकारविलसित'पासून (१८८३) 'हॅम्लेट' मराठीत परिचित आहे. तरी मूळ प्रेक्षकाला ही गाणी आधीच ठाऊक होती, ही जाणीव भाषांतरात सहज हरवते. अध्यापनात ती आवर्जून करून द्यावयास हवी. अन्यथा परिचित गीतात ऑफेलियाने केलेला बदल लक्षात येत नाही.

निष्कर्ष

१. ऑफेलियाच्या गीतांचा क्रम विस्कळीत नसून अज्ञानाकडून जाणिवेकडे आणि जाणिवेकडून प्रार्थनेकडे जाणारा आहे.

२. गीतांतील 'चुका' अर्थवाहक आहेत. त्या दुरुस्त करणे म्हणजे तिचे म्हणणे पुसणे होय.

३. तिचे अखेरचे गायन प्रेक्षकांना ऐकू येत नाही; ते केवळ गर्ट्रूडच्या निवेदनातून कळते. पाचव्या अंकात तिची कबर खोदणारा एक जुने प्रेमगीत मोडतोड करून गातो, तर धर्मगुरू तिच्यासाठी शांतिगीत गाण्यास नकार देतो. पित्यासाठी गाणाऱ्या मुलीच्या वाट्याला गीत येत नाही. तिच्या शोकांतिकेचे मर्म बुडून येणाऱ्या मृत्यूइतकेच या नकारातही आहे.