बी.कॉम. फर्स्ट क्लास आणि त्याचा विजयन

दासन आणि विजयन एकाच कचेरीत शिपाई आहेत. राहतात एकत्र, कडकीही दोघांची सारखीच. तरी घरात दासन साहेब असतो, कारण तो बी.कॉम. फर्स्ट क्लास आणि विजयनची गाडी प्री-डिग्रीलाच अडकलेली. सत्यन अंतिक्काड यांच्या ‘नाडोडिक्काट्टु’ (१९८७) या मल्याळम चित्रपटाचा सगळा विनोद या एवढ्याशा उतरंडीवर उभा आहे. कथा सिद्दीक-लाल यांची, पटकथा श्रीनिवासन यांची. विजयनही श्रीनिवासन यांनीच रंगवला आणि दासन झाला मोहनलाल. आदल्याच वर्षी ‘राजाविंटे मकन’मधल्या गुन्हेगारी सम्राटाच्या भूमिकेने मोहनलाल सुपरस्टार झाला होता. तो इथे पदवीची फुशारकी मारत फाइली उचलतो.

नव्या एमडीशी रस्त्यातच, तो कोण हे ठाऊक नसताना भांडण झाल्यामुळे दोघांची नोकरी जाते. मग बँकेचं कर्ज काढून दोन गाई घेण्याची टूम निघते. गाय हंबरते आणि विजयनला त्यात भरभराटीचा भोंगा ऐकू येतो. ही अक्कल आपल्याला आधी का सुचली नाही, असं दासन कौतुकाने विचारतो. प्रत्येक गोष्टीला तिची वेळ यावी लागते, असं विजयन एखाद्या कीर्तनकाराच्या ठामपणाने सांगतो. केरळात ही प्रश्नोत्तरं आजही म्हणीसारखी तोंडी आहेत. या प्रसंगात कुणीच विनोद ‘करत’ नाही. मोहनलालच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद आहे. श्रीनिवासनही ते वाक्य हशा घ्यायला थांबून टाकत नाहीत, सहज बोलून जातात. स्वप्न दोघांचं असतं. गाई पुरेसं दूध देईनात की मात्र ते एकट्या विजयनचं होतं! यश आलं तर ‘आपलं’, फसलं तर ‘तुझं’. माझ्या मते जवळच्या मैत्रीची यापेक्षा खरी खूण पडद्यावर क्वचित दिसते. गळ्यात गळे घालणं नाही, मैत्रीवर भाषणं नाहीत. दोष देण्याचा हक्काचा माणूस म्हणजे मित्र, आणि दोष देऊन झाला की त्याच्याच बरोबर पुढच्या खड्ड्यात उडी.

पुढचा खड्डा म्हणजे आखात. शिकलेली पण बेकार पोरं आणि आखाताचा पैसा, दोन्ही त्या काळच्या केरळात घरोघरी होतं. गफूरका नावाचा एजंट भेटतो. त्याचं गलबत निघालंय कॅलिफोर्नियाला, पण यांच्यासाठी तो ते दुबईच्या किनाऱ्यावरून वळवून नेणार! उरलेलं अंतर यांनी पोहून जायचं आणि अरबी झगे चढवून गर्दीत मिसळायचं. मामुक्कोयांनी हा गफूरका कोळिकोडच्या मापिळा बोलीत असा काही रंगवलाय की मोजक्या प्रसंगांतला हा माणूस अख्ख्या चित्रपटावर सावली धरतो. कल्लायीच्या लाकडाच्या वखारीत काम केलेल्या या नटाला ती बोली शिकायची गरजच नव्हती.

किनाऱ्यावर झगे घालून दोघं ऐटीत चालतात आणि मग तमिळ पाट्या दिसू लागतात. दुबई नव्हे, मद्रास! फसवणूक झाल्याचं आपल्याला कळलेलं असतं, त्यांना कळायला काही क्षण जातात. त्या उशिरातच सगळी गंमत आहे. पुढे अमली पदार्थांचा धंदा करणारा अनंतन नंबियार (तिलकन) या दोघांना वेषांतर केलेले सीआयडी समजतो. पोटासाठी त्यांनी भाजी विकली तरी त्याला त्यात पाळतच दिसते. विजयन सिनेमात काम मागायला थेट दिग्दर्शक आय. व्ही. शशी यांच्या घरी जातो, तो प्रसंग दुहेरी चिमटा काढणारा आहे: मल्याळम सिनेमाचा कारभार अनेक वर्षं मद्रासहूनच चालला आणि श्रीनिवासन स्वतः अभिनय शिकले तेही मद्रासलाच.

शोभनाची राधा मला अपुरी वाटते. तिच्यामुळे दासनला प्रेम मिळतं, पण चित्रपटाचं लक्ष विजयनवरून हलत नाही. शेवटची मारामारीही ऐंशीच्या दशकातल्या कुठल्याही चित्रपटातली असावी तशी, लांबलेली. तिची भरपाई पवनाई करतो. हा भाडोत्री मारेकरी शस्त्रांची पेटी घेऊन रुबाबात येतो आणि कुणालाही न मारता मनोऱ्यावरून पडून मरतो. ही भूमिका करणारे कॅप्टन राजू खरोखरच लष्करात अधिकारी होते, हे ठाऊक असलं की जास्तच हसू येतं.

मराठी प्रेक्षकाला हे जग परकं वाटू नये. सिद्दीक-लाल यांच्याच ‘रामजी राव स्पीकिंग’वरून (१९८९) ‘हेरा फेरी’ झाला आणि त्यातून आपल्याला बाबूराव गणपतराव आपटे मिळाले. ‘अशी ही बनवाबनवी’ आली ती ‘नाडोडिक्काट्टु’नंतर वर्षभरानेच. तिथेही खिसे रिकामेच, पण ती कारागिरी सोंगांची आणि गोंधळाची आहे. इथे सोंग कुणी घेतलंच तर ते दोन मिनिटांत गळून पडतं आणि उरतात एकमेकांवर खेकसणारे दोघंच. दासन-विजयन पुढे ‘पट्टणप्रवेशम’ (१९८८) आणि प्रियदर्शन यांच्या ‘अक्करे अक्करे अक्करे’मध्ये (१९९०) परतले. पण तिथे ते सीआयडी झालेले असतात, पोटाची भ्रांत मिटलेली असते आणि विनोदाची धार तेवढीच बोथट होते. म्हणून तिन्हींतला पहिलाच पाहा, आणि उपशीर्षकं वाचताना नजर मोहनलालवरून अधूनमधून श्रीनिवासनकडे वळू द्या.