अंगठा मोजायचा की त्याचे काम पाहायचे?

'हाताला चार बोटे आणि एक अंगठा असतो' हे वाक्य आपण वर्गात सहज सांगून जातो. अंगठा इतर बोटांसमोर येतो म्हणून माणूस हत्यारे वापरू लागला, अशी पुस्ती जोडतो. अंगठ्याच्या शस्त्रक्रियेवरचे लेखही याच सुरात 'नवा अंगठा बसवला' असे कौतुकाने लिहितात. आमचा आक्षेप असा, की या मांडणीत बोटे मोजली जातात, हाताचे काम पाहिले जात नाही.

अंगठा जन्मतःच अपुरा वाढण्याचे पाच प्रकार ब्लाउट यांनी १९६७ साली मांडले. पहिल्यात अंगठा थोडा लहान असतो; चौथ्यात तो कातडीच्या देठावर नुसता लोंबतो; पाचव्यात नसतोच. शस्त्रक्रिया ठरते ती लांबीवर नव्हे, तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटालगत असलेला सांधा स्थिर आहे की नाही यावर. तो स्थिर असेल तर बेचके रुंद करतात आणि अनामिकेकडचा स्नायुरज्जू किंवा करंगळीकडचा स्नायू वळवून अंगठ्याला बळ देतात. सांधाच नसेल तर बहुधा निकामी अंगठा काढून तर्जनीचाच अंगठा करतात. हॅम्बुर्गच्या बुक-ग्रामको यांनी १९७१ साली ही पद्धत तपशिलाने मांडली. तर्जनीचे हाड आखूड करून, रक्तवाहिन्या व मज्जातंतू शाबूत ठेवून, ती फिरवली जाते. तिच्या मुळाचा सांधा नव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा होतो. म्हणजे बाहेरून काहीच 'बसवलेले' नसते.

'पाचाची चार होणार' म्हणून पालक कचरतात, ते स्वाभाविक आहे. पण मूल काय करते ते पाहा. लुळ्या अंगठ्याला वगळून ते तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत वस्तू उचलते. शस्त्रक्रिया त्या हातानेच निवडलेल्या वाटेने जाते. अर्थात नव्या अंगठ्याची ताकद नेहमीच्या अंगठ्याएवढी नसते आणि तर्जनी मुळात ताठर असेल तर फळ बेताचेच मिळते. काही कुटुंबे पाच बोटे राखण्यासाठी पायाच्या बोटाचा सांधा वापरण्याचा पर्याय निवडतात. त्यांना अडाणी ठरवण्याचे कारण नाही.

हे ज्ञान परदेशापुरते नाही. अंगठ्याबरोबर मनगटही आतल्या बाजूला वळलेले असते, तेव्हा ते हळूहळू सरळ करण्यासाठी मुंबईचे हस्तशल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांची 'जेस' ही बाह्य चौकट वापरली गेली आहे. तरीही २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या नऊ जन्मदोषांच्या यादीत वाकडी पावले आहेत, हृदयदोष आहेत. हाताचा दोष एकही नाही. ही उणीव गंभीर आहे. अपुरा अंगठा कधी हृदयदोषाची, तर कधी फॅन्कोनी रक्तक्षयाची खूण असतो, आणि हा रक्तक्षय अनेकदा शालेय वयात उघड होतो.

म्हणून अंधेरी-बोरिवलीत असो वा घाटकोपर-मुलुंडमध्ये, वर्गात असे मूल असेल तर शिक्षकांनी पालकांशी एकांतात बोलावे. हृदय, मूत्रपिंडे व रक्त यांची तपासणी झाली आहे का, एवढे विचारावे. आणि ते मूल पेन्सिल दोन बोटांत धरून नीट लिहीत असेल, तर 'पकड चुकली' म्हणून ती सुधारायला जाऊ नये.